सरकारी सटवाई

एका जंगलात नुकतंच एक महायुद्ध संपलं होतं. म्हणजे मारायला फारसं कोणी उरलं नव्हतं, म्हणून थांबलं होतं. पण बाळांनो, मोठी माणसं याला संपणं म्हणतात. तेव्हा आपणही तसंच म्हणू. चला, हाताची घडी, तोंडावर बोट.

नदीच्या अलीकडे पट्टेवाल्या वाघाचं राज्य होतं. पलीकडे ठिपकेवाल्या बिबट्याचं. मधोमध एक डोह. डोह कोणाचा, यावरून दोघांची जुंपली. वाघ म्हणाला, "आमचे आजोबा इथे पाणी प्यायले." बिबट्या म्हणाला, "आमचे पणजोबा त्याआधी प्यायले." मग दोघांनी आपापल्या भेकरांना, सशांना आणि रानडुकरांना बोलावून सांगितलं, की तुमचा घोर अपमान झाला आहे. त्या बिचाऱ्यांना तोवर याची कल्पनाच नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं आणि ते लढायला गेले.

लढाईत डोहात इतकी प्रेतं पडली, की त्यातलं पाणी कोणालाच पिववेना. मग तह झाला. डोहाच्या मध्यावर काठीनं रेघ ओढली. अलीकडचं पाणी वाघाचं, पलीकडचं बिबट्याचं. रेघ लगेच पुसली गेली, पण तोवर तहावर दोघांचे पंजे उमटले होते.

युद्ध दोन्ही बाजूंनी जिंकलं. हरलेले सगळे मेले होते, त्यामुळे तक्रार करायला कोणी आलं नाही. 'अखिल अरण्य शांतता सभा' स्थापन झाली. तिचं अध्यक्षपद गिधाडाला मिळालं. युद्धानंतरच्या परिस्थितीचा त्याच्याइतका अभ्यास दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

आता त्या जंगलाची एक रीत होती. वर्षअखेरीला राजाचा पोपट वडाच्या फांदीवर बसायचा आणि सरत्या वर्षातल्या थोर घटना आणि थोर जन्म खड्या आवाजात सांगायचा. त्या वर्षी घटना सांगता सांगता त्याचा घसा बसला. वाघ मिशीवर पंजा फिरवत ऐकत होता.

"आणि थोर जन्म?" वाघानं विचारलं.

पोपटानं चोच पंखात खुपसली.

"का रे? जन्मलं नाही का कोणी?"

"पुष्कळ जन्मले, महाराज. पण त्यातलं थोर कोण, हे ती मोठी झाल्यावर कळणार."

"तोवर आम्ही थांबायचं?" वाघ गुरगुरला. "एवढं महायुद्ध केलं ते कशासाठी? ते काही नाही. थोर कोण ते जन्मतःच ठरलं पाहिजे."

बाळांनो, सटवाई तुम्हाला ठाऊक आहे ना? मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. काय लिहिलं ते कोणाला दिसत नाही आणि लिहिलेलं पुसत नाही. वाघाला हे अजिबात पसंत पडलं नाही. राज्यातल्या प्रजेच्या कपाळी काय लिहायचं ते बाहेरची एक बाई ठरवते, आणि तेही राजाला न विचारता! त्यानं ते खातं आपल्याकडे घेतलं आणि साळू नावाच्या साळिंदरीला सरकारी सटवाई नेमलं. तिच्या पाठीवर लेखण्यांचा तोटा नव्हता. पाचवीला दिवसाउजेडी बाळ तिच्या बिळापाशी आणायचं, तिनं काटा गेरूत बुडवायचा आणि बाळाच्या कपाळावर दोहोंपैकी एक शब्द लिहायचा. 'थोर' किंवा 'साधा'. ज्याच्या कपाळी लेख नाही, त्याला कुठल्याच सरकारी कामाला पाठवायचं नाही, असंही ठरलं.

लेख बिघडू नये म्हणून एक नियमही झाला. पाचवीनंतर आईनं बाळाच्या कपाळाला जीभ लावायची नाही. बाकी अंग खुशाल चाटावं. पावसात बाळाला पळसाच्या पानाची कुंची घालावी. आया नियम पाळू लागल्या. सरकार एखादी गोष्ट उगीच सांगत नाही, अशी त्या जंगलात एक समजूत होती.

याच दिवसांत भुरकी नावाची भेकरीण बाळंत झाली. तिचा नवरा युद्धात गेला होता. गेला तो गेलाच. परत आली ती त्याची शिंगं. ती राजवाड्याच्या वेशीवर टांगली होती आणि खाली दर पंधरवड्याला एक भाषण व्हायचं. 'थोर वीर' असं त्याला म्हणायचे. भुरकी पहिल्या भाषणाला गेली होती. नंतर तिनं वेशीकडून जाणं सोडलं.

तिनं पाडसाचं नाव बारक्या ठेवलं. जन्मतः त्याच्या अंगावर पांढरे ठिपके होते. भेकरांच्या पिल्लांना असतातच ते. पण पट्टेवाल्यांच्या राज्यात ठिपके म्हणजे काय! ते वयानं जातील, अशी शपथ तिला पहारेकऱ्यासमोर घ्यावी लागली.

बारक्याची पाचवी आली. साळूच्या बिळासमोर आयांची रांग लागली होती. कोणी मध आणला होता, कोणी कंद आणले होते. प्रत्येकीला 'थोर' हवं होतं. मध संपेपर्यंत साळू 'थोर' लिहीत होती. भुरकीनं मात्र काहीच आणलं नव्हतं.

"साळूताई, एक मागणं आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्या लेकाच्या कपाळी 'साधा' लिहा."

साळूनं मान वर केली. "अगं, शुद्धीवर आहेस ना? वीराचा मुलगा तो."

"म्हणूनच म्हणते. याचा बाप थोर होता, म्हणून गेला. मला याला मोठा झालेला बघायचाय. चरू दे, पळू दे, म्हातारा होऊ दे. बाकी मला काही नको."

"बघ हं. मागाहून रडत येशील."

"नाही येणार, ताई. तुमचे पाय धरते."

"पाय राहू दे, काटे टोचतील," साळू म्हणाली आणि तिनं काटा फिरवला. 'साधा' लिहायला तिला मुळीच वेळ लागला नाही. हात बसला होता.

भुरकी नाचत घरी आली. शेजारच्या सशिणीनं तिला नावं ठेवली, पण तिनं ती कानाआड केली. बारक्या वाढू लागला. रोज सकाळी ती त्याची पाठ चाटायची, कान चाटायची, शेपटी चाटायची. कपाळ तेवढं सोडायची. आपण सटवाईलाही गुंडाळलं, असं तिला वाटत होतं. भोळीच होती.

पुढल्या उन्हाळ्यात शांततेला धोका उत्पन्न झाला. झालं असं, की पलीकडच्या राज्यात थोर जन्म आपल्यापेक्षा जास्त झाले, अशी बातमी पोपटानं आणली. शांतता सभा तातडीनं भरली. गिधाडानं सद्गदित होऊन सांगितलं, की शांतता टिकवायची असेल तर युद्धाला पर्याय नाही.

वानरानं रानभर दवंडी पिटली.

"ऐका हो ऐका! उद्या उन्हं वर येताच ज्यांच्या कपाळी 'साधा' लिहिलंय, त्यांनी डोहावर लढायला जमावं! ज्यांच्या कपाळी 'थोर' लिहिलंय, त्यांनी वडाच्या सावलीत बसावं होऽ!"

भुरकीनं ते ऐकलं. ती धावत दरबारात गेली.

"महाराज, काहीतरी चूक होतेय. लढायला थोर जातात. माझा नवरा थोर होता, तो गेला."

वाघ हसला. प्रजेच्या अज्ञानाची त्याला नेहमीच कीव यायची.

"वेडी आहेस. तुझा नवरा साधाच होता. मेल्यावर थोर झाला. ती बढती असते."

"मग थोर काय करतात?"

"ते नंतर लागतात. भाषणं कोणी करायची? तह कोणी करायचे? सगळेच मेले तर इतिहास कोणाचा सांगायचा?"

"मग माझ्या लेकाला थोर करा, महाराज! आजच्या आज करा!"

वाघानं साळूकडे पाहिलं. साळूनं खेदानं मान हलवली.

"सटवाईचं लिहिलं पुसत नाही गं बाई. सरकारी असलं म्हणून काय झालं? मी तेव्हाच बोलले होते, रडत येशील."

भुरकी घरी आली. बारक्या गवतात उड्या मारत होता. त्याला नुकतेच शिंगांचे कोंब फुटू लागले होते आणि ते तो प्रत्येक झाडावर घासून बघत होता. ती त्याला कुशीत घेऊन बसली. तिला हुंदका आवरेना. आपल्याच तोंडानं आपण हे मागून आणलं, मधसुद्धा न देता मागून आणलं, हे तिला सोसवेना. ती त्याला चाटू लागली. पाठ चाटली, कान चाटले. कपाळापाशी आली आणि थबकली. लेख बिघडतो.

"आणखी काय बिघडायचं राहिलंय?" ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं कपाळावरून जीभ फिरवली.

जिभेला माती लागली. साधी, खरखरीत, तांबडी माती. तिनं पुन्हा जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. 'साधा' गेला. खाली नुसतं कपाळ होतं, जन्मलं तेव्हा होतं तसं.

भुरकी बघतच राहिली. आधी तिला भीती वाटली. मग राग आला. एवढा राग तिला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. ती टेकडीवर चढली आणि सगळं बळ एकवटून भुंकली.

भेकर भुंकलं की वाघ आला, एवढं रानात कोणालाही कळतं. आया आपापली पिल्लं घेऊन टेकडीकडे धावल्या.

"कुठंय? वाघ कुठंय?" सशीण धापा टाकत विचारू लागली.

"वाघ तर कधीचाच आहे," भुरकी म्हणाली. "पोरांची कपाळं चाटा."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली. डोहाच्या काठी भेकरं, ससे, रानडुकरं जमली. समोर वडाच्या सावलीत थोर पिल्लं आपापल्या आयांपाशी बसली होती. त्यांत राजपुत्रही होता. साळू मोजदाद करायला पुढे आली. पहिल्याचं कपाळ पाहिलं. कोरं. दुसऱ्याचं पाहिलं. कोरं. शेवटापर्यंत गेली आणि तिच्या पाठीवरचे काटे उभे राहिले.

"महाराज, यांच्या कपाळी काहीच लिहिलेलं नाही."

"मग तसेच पाठवा!"

"तसं कसं, महाराज? ज्याच्या कपाळी काही लिहिलंय त्यालाच पाठवता येतं. नियम आपलाच आहे. कोऱ्याला पाठवायला आधार नाही. लिहिलेले आता एवढेच," असं म्हणून तिनं वडाच्या सावलीकडे बोट दाखवलं.

सगळ्या माना तिकडे वळल्या. आणि मग, बाळांनो, सावलीतल्या आया आपापल्या थोर पुत्रांवर अशा तुटून पडल्या, की विचारू नका. जिभांचा नुसता सपासप आवाज येत होता. एका रानडुकरिणीनं घाईत शेजारणीचंही पोर चाटलं. वाघ ओरडला, "थांबा! हा राजद्रोह आहे!" आणि मागे वळून पाहतो तो वाघीण राजपुत्राला दोन पंजांत धरून त्याचं कपाळ चाटत होती. तिनं राजाकडे असं पाहिलं, की राजा पुढचं बोलला नाही.

"पुन्हा लिही सगळ्यांच्या कपाळी," तो साळूला म्हणाला, पण जरा हळूच.

"पाचवी एकदाच असते, महाराज," साळू म्हणाली. या बाबतीत ती फार कडक होती.

पलीकडच्या काठावर बिबट्याची फौज वाट बघत होती. कोणीच चाल करून येईना. यात नक्कीच काहीतरी डाव आहे, असं त्यांच्या सेनापतीला वाटलं. म्हणून तेही जागचे हलले नाहीत. दुपारी सगळ्यांना तहान लागली. अलीकडचे इकडून पाणी प्यायले, पलीकडचे तिकडून. मग भूक लागली, तेव्हा आपापल्या घरी गेले.

गिधाडानं अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. शांततेसाठी आता काहीच करता येत नाही, असं तो म्हणाला. तो बराच वाळलाही होता.

वर्षअखेरीला पोपट वडावर बसला. घसा खाकरला. सगळे कान टवकारून बसले.

"या वर्षातल्या थोर घटना," पोपट म्हणाला, "काही नाहीत. थोर जन्म, काही नाहीत."

वाघानं कपाळावर पंजा मारून घेतला. अख्खं वर्ष फुकट गेलं होतं.

आणि बारक्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. तो चरला, पळाला, म्हातारा झाला. त्याचं नाव पोपटाच्या तोंडी कधीच आलं नाही. मेला तेव्हा त्याची शिंगं त्याच्याच डोक्यावर होती.

तात्पर्य : आयांनी मुलांना फार चाटू नये. त्यामुळे इतिहासाचं कधीही भरून न येणारं नुकसान होतं.