हाचिरोच्या मुठीतले तांबे

"आई, टाकीत हे काय चमकतंय?" शिगेनोरीने हातातली चाचणीची नळी बाजूला ठेवली.

"दहा येनची नाणी," त्याच्या सासूबाई म्हणाल्या. "पाणी वास मारत होतं. फुलदाणीत टाकते तशीच टाकली. तांब्यानं पाणी चांगलं राहतं."

शिगेनोरीने डोळे मिटले. आकाशी नावाचे हे सगळे गाव ऑक्टोपस आवडीने खाते. पाळणारा हा एकटाच. आठ हातांचा म्हणून त्या ऑक्टोपसचे नाव हाचिरो, म्हणजे आठवा मुलगा. महिनाभर टाकीतला अमोनिया वाढत होता आणि कारण सापडत नव्हते. रोज सकाळी मोजणी, रोज सकाळी निराशा. त्यात आता तांबे! ज्याच्या रक्तातच तांबे असते त्याला पाण्यातले तांबे मात्र विष, हे समजावत बसायला वेळ नव्हता.

त्याने भराभर नाणी वेचली. एक मात्र हाचिरोने टाकीतल्या आपल्या लपायच्या मडक्यात नेऊन घट्ट धरले होते. शिगेनोरीने मडक्यासमोर खेकडा नाचवला. एक हात बाहेर आला, खेकडा घेऊन आत गेला. नाणे तिथेच.

"त्याचे सहा हात अजून मोकळे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला मुळात दोनच."

"निदान पाणी तरी बदलतो. निळी बादली कुठंय? खारं पाणी कालच तयार करून ठेवलंय मी."

"ती होय? तिच्यात तिसऱ्यांचे शिंपले भिजवलेत, वाळू सोडायला. मीठ अगदी बेताचं घातलं होतंत हो!"

नवे पाणी कालवून मुरायला उद्या उजाडणार. गाळणीत कोळसा कोंबता आला असता, पण नाणे आत असेतो त्याचा काय उपयोग?

"आई, मरेल हो तो."

सासूबाई निळी बादली घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "सरका."

त्यांनी बादलीतला एक शिंपला उचलला आणि काचेवर टकटक केली. शिगेनोरीने हाका मारल्या तरी न हलणारा हाचिरो अख्खा बाहेर आला. एका हातात शिंपला उंच धरून त्यांनी दुसरा तळवा पसरला.

"आधी ते दे."

तळव्यावर नाणे आले. शिंपला गेला.

"हे... रोज चालतं?"

"छे! तुम्ही ऑफिसला गेलात की तेवढंच."

जादा खाऊचा महिन्याभराचा अमोनिया शिगेनोरीच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेला.

"मला सांगायचं तरी!"

"तुम्ही त्याला वजन करून घालता. वाळलं होतं पोर."

दुसऱ्या दिवशी नवे पाणी भरले, चाचणीत तांबे औषधालाही दिसेना. शिगेनोरी आम्लता मोजायला वळला, तर मापकाची कांडी जागेवर नव्हती. हाचिरो काचेला चिकटून बसला होता. एका हातात कांडी, दुसरा पुढे पसरलेला.



"आई," शिगेनोरीने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "एक शिंपला द्याल का?"