शकूर मास्टरांचा कच्चा टाका

शकूर मास्टर डोंगराचं माप टेपनं घेतात. मी अलंकारिक बोलत नाही. खरोखरची टेप, पिवळी, साठ इंची, जिनं ते औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुकानात गेली तीस वर्षं ब्लाऊजची मापं घेत आले. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात टेप, खिशात खडू, अशा थाटात हा माणूस दर रविवारी सकाळी गिअरच्या सायकलवर दौलताबादपलीकडच्या डोंगरात शिरतो. दोन सागांच्या मधून वाट जात असली की खाली उतरायचं, टेप लावायची, खोडावर खडूनं रेघ मारायची.

"हँडल तीस इंच, वाट तेहतीस. तीन इंच मार्जिन ठेवलंय, सर." मग माझ्या पोटाकडं एक नजर. "निलोफरला एक इंच लई झालं. बाकीचे दोन तुमच्यासाठी."

निलोफर त्यांची मुलगी. तिच्याकडं येतोच, पण आधी माझी फजिती सांगून टाकतो.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून कुणाची तरी जुनी डोंगरी सायकल विकत घेतली आणि पहिल्याच रविवारी हरवलो. दौलताबादचा किल्ला चहूकडून दिसतो, त्याच्या आसपास माणूस हरवू शकत नाही, असा समज आहे. मी तो खोटा पाडला. भर दुपारी एका बांधावर बसून बाटलीतलं शेवटचं पाणी पीत होतो, तेव्हा झुडपांतून टेपवाला सायकलस्वार निघाला. त्यानं मला वाट विचारू दिली नाही. माझ्या पॅन्टचं निरीक्षण केलं आणि म्हणाला, मागं उसवलंय सर, टाका मारून देऊ का? सुईदोरा त्याच्या सायकलच्या पिशवीतच होता. मी झाडाला धरून उभा राहिलो आणि टाका मारून घेतला. आमची ओळख अशी पाठमोरी झाली.

पुढं मास्टरांनी मला सायकलसाठी गादीवाली चड्डी शिवून दिली. तीन महिने मी ती कॉलेजातल्या लोकांपुढं मिरवली, खास शिवून घेतलीय म्हणून. मग एकदा दुकानात बसलो असताना एका बाईनं ब्लाऊजातले पॅड काढून द्यायला सांगितले. मास्टरांनी ते काढले, हातानं दाबून पाहिले आणि माझ्याकडं बघून जपून बाजूला ठेवले. त्या दिवसापासून मी चड्डीबद्दल बोलणं बंद केलं.

वाटेबद्दल मास्टर शिवणकामातच बोलतात. चढ म्हणजे 'चुस्त', उतार म्हणजे 'ढिला', नागमोडी वाट म्हणजे 'चुण्या', तळ्याला वळसा घालणारी वाट 'गोल गळा'. आणि कुठल्याही विषयावर त्यांचा शेवटचा शब्द एकच असतो: "आधी कच्चा टाका. ट्रायल झाल्याबिगर पक्की शिलाई नाय." त्यांच्या बायको, आमच्या भाभी, म्हणतात, हे कापड कापायचं सोडून जंगल कापायला लागले.

मास्टर चालवतात ती सायकल खरी निलोफरची. कॉलेजात असताना ती डोंगरात सायकल घालायची. मोहल्ल्यात कुजबुज झाली तेव्हा मास्टर एवढंच म्हणाले की बोलणाऱ्यांनी आधी आपापलं माप बघावं. आणि तिला नारंगी कापडाची सायकलची पॅन्ट शिवून दिली, म्हणजे लांबूनसुद्धा सगळ्यांना नीट दिसावी. चार वर्षांपूर्वी ती नोकरीला फिनलंडला गेली. सायकल दुकानात शिवणयंत्राच्या वर खिळ्याला टांगली गेली.

तिकडून दर रविवारी व्हिडिओ येऊ लागले. जंगल, तळं, पुन्हा जंगल, पुन्हा तळं, आणि वाटेवरच्या झाडांना रंगाच्या खुणा. मास्टर ते गिऱ्हाइकांना दाखवायचे. "हे बघा. आपल्या हर्सूलच्या तलावासारखंच हाय, जरा पाणी जास्त."

एकदा ती सहज बोलून गेली, अब्बा, इथं जंगलात कुणाला रस्ता विचारावा लागत नाही; आपल्याकडं सायकल चालवायला आहे काय? झालं. तीस वर्षांत ज्याच्या दुकानात शिवलेला कपडा वापस आला नाही, त्याला पोटच्या मुलीनं अख्खं गाव डोंगरांसकट वापस केलं होतं. मास्टरांनी सायकल खिळ्यावरनं उतरवली.

दोन वर्षं लागली. गुराख्यांच्या पाऊलवाटा एकीला एक जोडत सागाच्या जंगलातून वाट काढली, डोंगराआडच्या पाझर तलावाला गोल गळा दिला आणि वाट जिथून निघाली तिथंच परत आणून सोडली. खुणांना दुकानातल्या चिंध्या. लाल म्हणजे उतार, पिवळी म्हणजे वळण, निळी म्हणजे तळ्याकडं. सगळ्या सरकगाठीनं बांधलेल्या, ओढली की सुटावी अशा. कच्चा टाका. जानेवारीत निलोफर दहा दिवसांसाठी येणार होती. ती पुढं, मास्टर मागं, आणि सबंध वाटेत तिनं एकदाही विचारायचं नाही की आता कुठं. बस, एवढंच त्यांना हवं होतं. मग गाठी पक्क्या करायच्या.

तळ्याच्या काठी चहा पिताना त्यांनी एकदा मला विचारलं, फिनलंड नेमकं कुठल्या बाजूला येतं? भूगोलाच्या शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मी रुबाबात हात लांब केला, मधे कुठकुठले देश लागतात तेही सांगितलं. घरी येऊन नकाशा उघडला तर त्या बाजूला पैठण होतं. पुढच्या रविवारी चूक कबूल करायचं ठरवून गेलो, तर मास्टर आधीच त्या दिशेला तोंड करून चहा पीत होते. इतक्या मायेनं पैठणकडं बघणाऱ्या माणसाला काय सांगणार?

आणि मग माझ्या हातून मोठी चूक झाली.

नोव्हेंबरात मास्टर लग्नसराईच्या कामात गुंतले होते, म्हणून खुणा तपासायला मी एकटा गेलो. तळ्याच्या अलीकडं एका हिवराच्या झाडाशी वाट फुटते. डावी तळ्याकडं जाते, उजवी ओढ्यातल्या काट्यांत. तिथली निळी चिंधी शाबूत आहे का हे बघण्याच्या नादात मी सायकलसकट थेट झाडावर आदळलो. पडल्यावर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला. तो सोडवायला दोन्ही हात तिथं, गुडघे जमिनीवर, काट्यानं डोळ्यांत पाणी. असा मी चिंधीसमोर बसलेला असताना शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. कडूबाई. तिनं बराच वेळ मला न्याहाळलं.

"नवस हाय का, सायेब?"

औरंगपुऱ्यातला लेडीज टेलर, त्याची फिनलंडमधली लेक, लाल, पिवळी, निळी हे सगळं समजावून सांगेपर्यंत तिच्या शेळ्या घरी पोचल्या असत्या. मी हो म्हणालो.

"कशाला पावतंय?"

सकाळपासून मी दोनदा वाट चुकलो होतो. तोंडातून निघून गेलं, "हरवलेलं परत येतं."

म्हातारीनं पदराचा काठ दातानं फाडला आणि निळ्या चिंधीशेजारी बांधला. मी सायकल उचलली आणि पळालो.

लग्नाची कामं उरकून मास्टर माझ्याबरोबर आले तेव्हा हिवराखाली नारळाच्या शेंड्या आणि उदबत्तीच्या काड्या होत्या. आसपासच्या पंधरा-वीस झाडांना चिंध्याच चिंध्या. लाल, पिवळ्या, निळ्या, जांभळ्या. खुणांप्रमाणं बघितलं तर त्या एकाच जागी उतार, वळण आणि तळं तिन्ही होतं. मी पुढं होतो. विचार करून उजवीकडं वळलो आणि मास्टरांसकट काट्यांत शिरलो.

काटे काढता काढता मास्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी चेहरा नकाशासारखा सपाट ठेवला. म्हणालो, सोडून टाकू सगळ्या, अर्ध्या तासाचं काम.

"नक्को," मास्टर म्हणाले. "दुसऱ्यानं घातलेली गाठ हाय. शिलाई उसवता येती सर, मन्नत नाय."

मग त्यांनी आपल्याच खुणा सोडल्या आणि त्यांच्या जागी जरीच्या काठाच्या बांधल्या. जरीचा काठ बाई नवसालासुद्धा फाडत नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. डिसेंबर संपेपर्यंत एकेक गाठ बदलून झाली. वाट ट्रायलला तयार झाली.

त्याच आठवड्यात मी दुकानात गेलो तेव्हा मास्टर कापड कापत होते. निलोफरला रजा मिळाली नाही, उन्हाळ्यात बघू म्हणाली, एवढं मान वर न करता सांगितलं आणि बाही दोन इंच आखूड कापली. मग त्या कापडाकडं बघत राहिले. मार्जिन ठेवलेलं नव्हतं.

रविवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते नेहमीच्या वेळेला आले, टेपसकट. हिवराशी थांबले. चिंध्या चाचपू लागले. ते मला सोसेना, म्हणून मी कबूल करून टाकलं, की नवसाचं हे सगळं माझ्यामुळं झालं.

"मालूम हाय," ते म्हणाले. "कडूबाईनं तवाच सांगितलं. एक जाडा सायेब चड्डीवर हात जोडून रडत व्हता म्हणे. दुसरं कोण असणार?"

मग मला काही बोलला का नाहीत, मी विचारलं.

मास्टर झाडाकडं बघत होते. "तिचा पोरगा पाच साल झाले, रुसून पुण्याकडं गेलता. फोन नाय, पत्ता नाय. मागच्या महिन्यात घरी आला. शेळ्यांमागं आता तोच असतो."

त्यांनी खिशातून एक पट्टी काढली. जरीची नव्हती. नारंगी होती, आणि नारंगी रंग आमच्या खुणांत नाही. निलोफरच्या त्या पॅन्टचं उरलेलं कापड त्यांच्या शिवणयंत्राच्या खणात घडी करून ठेवलेलं मी पाहिलं होतं. कडूबाईच्या पदराशेजारी त्यांनी ती बांधली. एक गाठ. मग दुसरी. मग तिसरी, आणि टोक दातात धरून आवळलं.

"सरकगाठ नाही मारली?" मी म्हणालो. "ट्रायल व्हायचीय अजून."

"ऱ्हाऊ द्या, सर. ही पक्कीच."

मग ते सवयीनं वळले आणि मी दाखवलेल्या दिशेला तोंड करून, गळ्यातल्या टेपची दोन टोकं दोन हातांत धरून उभे राहिले. मी भूगोलाचा माणूस. त्यांच्या शेजारी जाऊन मीही पैठणकडं तोंड करून उभा राहिलो.