स्वराचं बोट

मी बी.एस्सी. झालेली बाई! लेकीला काळा दोरा बांधू दिला नाही, दाराला लिंबू-मिरची लावू दिली नाही. घिवलीच्या किनाऱ्यावरची टेनिस क्रिकेटची फायनल माझं काय बिघडवणार होती?

नवरा, कुशल, गावाचा कॅप्टन. त्या दिवशी एकही होडी समुद्रात गेली नव्हती. खेळपट्टीवर नारळ फुटला, अगरबत्ती लागली. समोर बेटेगावची टीम. लेकीला, स्वराला, कडेवर घेऊन मी सीमारेषेवर उभी.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूवर कावळा बसला. स्वराने त्याला बोट दाखवलं, थेट अंपायरसारखं. त्याच क्षणी बेटेगावचा फलंदाज बोल्ड!

"योगायोग!" मी म्हटलं.

दुसरा कावळा. पुन्हा बोट. पुन्हा विकेट!

आता मात्र कोणी ओरडलं नाही. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. एकेक मान वळली आणि अख्खं गाव मॅचकडे पाठ करून माझ्या लेकीकडे बघू लागलं. वाऱ्यात पदर तेवढे हलत होते. पापणी एकाचीही नाही.

चुलतसासू तानीकाकू चपला काढून पुढे आल्या.

"काकू, चपला का काढल्या?"

"गप ऱ्हा गो!" त्यांनी स्वराच्या पायांना हात लावला. मागे रांग लागली!

एवढ्यात स्वरा भुकेने रडू लागली. मी वळले, तर वाट बंद.

"वैनी, दूध नको," कुशलचा मित्र अंकुश मयताला आल्यासारखा कुजबुजला. "प्याली का झोपंल. दोन विकेटी ऱ्हायल्यात."

"अरे, उपाशी आहे ती! कुशल, सांग ना!"

माझा नवरा लेकीपुढे हात जोडून उभा! बॉल काखेत!

आणखी थोडा वेळ गेला तर हे पोरीला शेंदूर फासतील! कोपरं मारत मी रांग फोडली आणि होडीआड बसून तिला पाजलं. ती झोपली. पलीकडे एक आरोळी, मग दुसरी, मग चिडीचूप. वाळूवर पावलं जवळ आली. खूप पावलं. मी लेकीला छातीशी आवळलं.

"हरलो?"

"जिंकलो," अंकुश म्हणाला. मागे सगळं गाव.

"बघा! ही तर झोपली होती! तिच्यात काही नाही!"

"तिच्यात नाय गो," तानीकाकू म्हणाल्या. "तू लाईनीवरनं हाललीस ना दोनी विकेटी पडल्या. तूच नडत व्हतीस! आता मॅच आसली का पोरीला घे ना पालघरला आयेकडं जा."

संभाव्यतेचा अख्खा सिद्धांत माझ्या जिभेवर आला होता. तो गिळून मी विचारलं, "काकू, प्रॅक्टिसच्या दिवशीपण जाऊ का?"