आत्या दिसेना

"ठाण्यात गुन्हे कमी होतात, त्याचं कारण मी नौपाड्यात राहतो," भाऊ टिपणीस दारात चपला काढता काढताच म्हणाले. "विमा कंपनीत जन्मभर खोटे दावे हुडकले. माणूस खोकला की मला कळतं, खोकला खरा आहे की मेडिक्लेमचा. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची. हा आनंद प्रधान, माझा सहाय्यक."

घारीच्या नजरेचा चष्मा आनंदच्या खिशात होता, तो त्याने काढून दिला. निवृत्तीनंतर तलावपाळीवर फेरी मारायला सोबत हवी, एवढ्याचसाठी त्याने भाऊंशी ओळख वाढवली होती. त्यात आपण सहाय्यक कधी झालो, हे त्याला आता आठवत नव्हतं.

"भाऊकाका, आपण एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, मला माहितीये तुम्ही कोण ते," दार उघडणारी हेमांगी गुप्ते म्हणाली. "आधी आत या. वेळ नाहीये हो."

प्रकरण असं होतं. हेमांगीचा धाकटा भाऊ सलिल बायको वल्लरीबरोबर जर्मनीत असतो. त्याला मुलगी झाली होती आणि आज तिचं बारसं होतं. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या नौपाड्यात. म्हणून खास नवा लॅपटॉप घेतला होता. दुकानातल्या माणसाने येऊन वायफाय जोडून दिलं, सगळं सुरू करून दाखवलं, तेव्हा चित्र लख्ख होतं. आज सकाळी सलिलला कॉल लावला, तर तिकडचे सगळे इकडे दिसत होते, पण इकडचं कोणी तिकडे दिसेना. आवाज खणखणीत जात होता. चित्राच्या जागी नुसता लालसर काळोख.

"वल्लरीची आई म्हणते, बाळाला आत्या दिसायला तर हवी. नाहीतर रचना आहे तिथे, वल्लरीची बहीण. तीच सांगेल कानात."

एवढं बोलून हेमांगी चार्जरची वायर उगाचच सरळ करत बसली. नाव तिने स्वतः शोधलं होतं आणि आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते आता रचनाच्या हवाली करायचं, या विचाराने तिचा चेहरा एवढुसा झाला होता. आनंदला फार वाईट वाटलं.

"मोबाइलवरून करून टाक ना," तो म्हणाला.

"मोबाइल तांदळात आहे."

मोबाइल काल बादलीत पडला होता आणि आता तांदळाच्या डब्यात सुकत होता. हेमांगीच्या आईचा, गोदाकाकूंचा फोन बटणांचा. भाऊ आणि आनंद यांचेही बटणांचेच, कारण स्मार्टफोनमधून तपासाची गुपितं फुटतात असं भाऊंचं मत होतं.

भाऊ घटनास्थळाकडे वळले. गुप्त्यांच्या घरात नवी वस्तू आली की गोदाकाकू तिची पूजा केल्याशिवाय तिला कामाला लावत नसत. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर, गॅसचा नवा पाइप, सगळे त्यातून गेलेले. लॅपटॉपही चौरंगावर विराजमान होता. पुढे विड्याची पानं, सुपारी, दोन केळी, आणि हळदकुंकू यथास्थित. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालून हवा खेळली पाहिजे, सपाट आणि कडक जागी ठेवावा, असं खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नव्हतं, पण चौरंगामुळे आपोआप पाळलं गेलं होतं.

"कॅमेऱ्याचा दिवा लागतोय," भाऊंनी पडद्यापासून वीतभर अंतरावर डोळे नेऊन जाहीर केलं. "कॅमेरा जिवंत आहे, पण बघत नाही. आनंद, याचा अर्थ काय?"

"बिघडलाय?"

"धमकावलाय. हा हॅकर आहे. काळोख लाल आहे हे लक्षात घे. लाल ही त्याची सही. आणि माझं ऐक, हा आतला माणूस आहे. हेमांगी, पासवर्ड काय ठेवलायस?"

"माझी जन्मतारीख."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. मग ते गॅलरीत जाऊन, सुरक्षित पासवर्ड कसा असावा, तो कधीही मोठ्याने का उच्चारू नये, हे इतक्या मोठ्याने सांगू लागले की समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. परत येऊन त्यांनी स्वतः नवा पासवर्ड ठेवला आणि तो गुप्त राहावा म्हणून हेमांगीलाही सांगितला नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. त्याने पासवर्ड मागितला.

भाऊ पडद्याकडे बघत राहिले. हत्तीच्या स्मरणशक्तीला पासवर्ड आठवेना.

"काका?" हेमांगी म्हणाली.

आनंदने पुढे होऊन इंग्रजीत 'भाऊ' आणि पुढे एक-दोन-तीन असं टाइप केलं. लॅपटॉप उघडला.

"तुला मुद्दाम संधी दिली," भाऊ म्हणाले.

यानंतर त्यांनी संशय विजेवर घेतला आणि चार्जर काढायला लावला. मग तो पंख्याच्या वाऱ्यावर गेला, पंखा बंद झाला आणि सगळे घामाघूम झाले. मग अपडेटवर गेला. "हे अपडेट कोणी मागवलं होतं?" त्यांनी गोदाकाकूंना दरडावून विचारलं. काकू म्हणाल्या, आम्ही बाहेरून काहीच मागवत नाही, सगळं घरीच करतो. भाऊंनी ही साक्ष महत्त्वाची मानली.

इतक्यात सलिलचा कॉल आला. पडद्यावर फुलांनी सजवलेला पाळणा, बाळाला घेतलेली वल्लरी, आणि मागे नऊवारी सावरत उभी असलेली रचना.

"ताई, अजून काळोखच आहे गं," सलिल म्हणाला. "बाळाला भूक लागलीय, रडायला लागेल. रचनाला सांगू का?"

हेमांगीने एकदा भाऊंकडे पाहिलं. भाऊ माहितीपत्रकाचं चिनी भाषेतलं पान वाचत होते.

"सांग," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

"अगं थांबा, थांबा," गोदाकाकू देवघरातून करंडा घेऊन आल्या. "कोणी का सांगेना, घरात मंगल कार्य आहे. यंत्राचं कुंकू पार सुकलंय. ताजं लावते."

त्यांनी पदराचं ओलं टोक घेऊन लॅपटॉपच्या माथ्यावरचं कुंकू स्वच्छ पुसलं.

"ताई!" जर्मनीत एकच गलका झाला. "दिसलीस! रडतेयस का तू?"

गोदाकाकूंनी करंड्यात बोट बुडवलं आणि ठसठशीत कुंकू लावलं.

"गेली," सलिल म्हणाला.

"कोणी हलू नका!" भाऊ ओरडले. "तो आत्ता आत आला होता!"

गोदाकाकू मात्र हलल्या. त्यांनी कुंकू पुसलं. "दिसली!" त्यांनी बोट ठेवलं. "गेली!" बोट काढलं. "दिसली!"

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "हेमा, इथे काय असतं गं?"

"आई, तिथे कॅमेरा असतो."

"मला वाटलं, कपाळ." काकू ओशाळल्या. "बरोबर मधोमध होतं म्हणून लावलं. डोळ्यात घातलं की गं मी त्याच्या." आणि त्यांनी लॅपटॉपला हात जोडले.

"आतला माणूस," भाऊ चष्मा काढत शांतपणे म्हणाले. "मी सुरुवातीलाच सांगितलं होतं." आणि ते खरंच होतं.

तिकडे वल्लरीने बाळाचा कान लॅपटॉपपाशी आणला. हेमांगी चौरंगावर ओणवली, कुर्रर्र केलं आणि हळूच म्हणाली, "सान्वी." बाळाने रडण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच ठेवून आत्याकडे पाहिलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला इकडे माणसं कमी होती, म्हणून काकूंनी घातले, आनंदने भीत भीत एक घातला, आणि भाऊंनी तपास यशस्वी झाल्याच्या उत्साहात असा घातला की हेमांगीला खोकला आला.

"खरा आहे," भाऊ म्हणाले.

काकूंच्या बोटावर कुंकू उरलं होतं. ते त्यांनी पडद्यावर नातीच्या कपाळाला टेकवलं. तेवढ्यात सान्वीने मान फिरवली आणि कुंकू सलिलच्या नाकावर आलं. कॉल संपला, पडदा काळा झाला, तरी तो ठिपका काचेवर तसाच होता. भाऊंनी पुरावा म्हणून तो टिपून घ्यायला रुमाल काढला.

"राहू दे, काका," हेमांगी म्हणाली. "तिथे कॅमेरा नाहीये."