नवसाबाईचा खुराक

नवसाबाईची सुनेबद्दल एकच तक्रार होती, पण ती इतकी वर्षं झाली तरी रोजच्या मेथीसारखी ताजी होती. छाया उलटून बोलत नाही!

"सून कशी पाहिजे? आपण एक बोललं की तिनं दोन बोलावं, मग आपण चार बोलावं. त्यानं अन्न पचतं. हिला बोलणं म्हंजे विहिरीत दगड टाकायचा, अन् बुडुक पण ऐकू येऊ नये!" नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात जुड्या मांडता मांडता ती शेजारच्या सगुणाबाईला सांगे.

तिच्या बाजूनं तिनं काही कमी केलं नव्हतं. "भाकरी थापतेस का माशा हाकलतेस?" "उभी काय बुजगावण्यासारखी, कावळे आलेत का मळ्यात?" "अंगात वारं हाय का नुसता भुसा?" असे एकाहून एक दगड रोज पडत. छाया पदर सारखा करी, "बरं, आत्याबाई," म्हणे आणि पुढची भाकरी तव्यावर टाकी.

छायाचा मुलगा राज मात्र अगदी उलटा. एकोणीस वर्षांचा गडी, दारात उभा राहिला की घरात अंधार पडे; पण मन कोथिंबिरीसारखं, जरा ऊन लागलं की मान टाकणार. धोंडीराम वस्तादांच्या तालमीत तो पहाटेपासून मातीत घुमे. अंगात ताकद होती, डाव होते, पण आखाड्याभोवतीच्या गर्दीतून कुणी काही बोललं की संपलं. मागच्या कुस्तीत कुणीतरी ओरडलं, "अरे कोबीच्या गड्ड्या!" हातात आलेला गडी सोडून राज वळला आणि म्हणाला, "कोन बोललं रे?" उत्तर मिळेपर्यंत तो उताणा पडला होता आणि गडी छातीवर होता.

वस्तादांनी शेवटचं सांगितलं, "येत्या यात्रेत मनमाडच्या भिकनशी तुझी कुस्ती. त्यात परत मान वळली, तर लंगोट खुंटीला टांग आणि आजीच्या शेजारी मेथी विकायला बस." राज दोन दिवस धड जेवला नाही. रोज दुधाची चरवी रिकामी करणारा नातू ताटावरून उठतोय, हे बघून नवसाबाईच्याच घशाखाली घास उतरेना.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी वस्ताद बाजारात आले. त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलली, उलटीपालटी केली, हुंगली.

"वस्ताद, पोरगी बघायला आलाय का कोथिंबीर घ्यायला?" नवसाबाई कडाडली. "हुंगून पोट भरलं आसंल तर ठेवा खाली. एवढ्या तपासणीनं पोरं तालमीत घेतली आसती तर आज चार गदा आल्या आसत्या!"

भलेभले पहिलवान अंगावर घेतलेल्या माणसाच्या कपाळावर घाम फुटला. तो पुसता पुसता वस्तादांचा चेहरा एकदम उजळला.

"मावशी, माझ्या तालमीत याल का?"

"ह्या वयात लंगोट नेसू का काय?"

"तसं नाय हो. अंगाला जशा बैठका, तशा मनालाबी लागत्यात. रोज संध्याकाळी राजची कुस्ती चालू आसताना तुम्ही फक्त बोलायचं. जे तोंडाला येईल ते. पोराला सवय लागली की यात्रेत बाँब पडला तरी मान वळणार नाय."

तालमीत बायका जात नसत, म्हणून खिडकीबाहेर स्टूल मांडलं गेलं. पहिल्या संध्याकाळी राज रडला. दुसऱ्या संध्याकाळी राजशी लढणारा रडला. आठवडाभरात मात्र राजचा दगड झाला. आजी म्हणे, "आरं, मिठी मारतोस का गडी धरतोस, लगीन ठरलंय का त्याच्याशी?" की राज मान न वळवता समोरच्याला उचलून टाकी. हे बघून बाकीची पोरंही खिडकीशी येऊ लागली. "आजी, मला पण दोन शब्द." नवसाबाईनं कुणाला उपाशी परत पाठवलं नाही.

एका बुधवारी बाजार लांबला आणि तिला येता आलं नाही, तर राजला हातभर बुटक्या पोरानं चीत केलं. "थकलं आसंल पोरगं," वस्ताद म्हणाले, आणि पुढं कुणी त्याचा विचार केला नाही. इथंच सगळी चूक झाली.

सकाळी घर-बाजार आणि संध्याकाळी तालीम असं दोन पाळ्यांत चालल्यावर गळा तरी किती टिकणार? यात्रेच्या दिवशी पहाटे नवसाबाईनं लेकाला, गोटीरामला, टेम्पो काढायला उशीर झाला म्हणून झापायला तोंड उघडलं, तर सायकलच्या ट्यूबमधली हवा सुटावी तसा आवाज आला. घरात एवढी शांतता पसरली, की गोटीराम घाबरून छायाला विचारायला आला, "आई बरी हाय ना?" हळद-गूळ झालं, ज्येष्ठमध झाला, वाटेत द्वारका चौकात टेम्पो थांबवून मिठाच्या पाण्यानं गुळण्या झाल्या. घोटीकडच्या यात्रेच्या गावात पोचेपर्यंत ट्यूब तशीच पंक्चर.

आखाड्याशेजारच्या देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. हलगी कडाडली. भिकनच्या बाजूनं पोरांचा टेम्पो भरून आला होता, ती पोरं सुरू झाली. "कोबी! ए कोबी! पोतं आणलंय रे, भरून न्यायला!"

राजची मान तसूभर वळली नाही. वस्तादांनी मांडीवर थाप मारली. पण मग त्यांच्या ध्यानात आलं, की राजचं दुसरंही काही हलत नाहीये. तो नुसता उभा होता, कान ओट्याकडे लावून. गाडी चालू करायला किल्ली लागते, तशी त्याला आजी लागत होती! भिकननं त्याला खाली घेतलं, पाठीवर बसला आणि हळूहळू उलटवायला लागला.

नवसाबाईनं तोंड उघडलं. फुस्स. पुन्हा उघडलं. फुस्स. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिनं शेजारी बसलेल्या सुनेचा दंड घट्ट धरला.

छाया उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, ओट्याच्या कडेला गेली, आणि तिच्या तोंडून जे निघालं त्यानं हलगीवाला थांबला.

"ए राज्या! कुस्ती खेळतोस का माशा हाकलतोस? बुजगावण्या, कावळे आलेत का मळ्यात? अंगात वारं हाय का नुसता भुसा?"

ठेवणीतली भांडी एकामागून एक बाहेर यावीत तसं नवसाबाईचं एकेक बोलणं बाहेर येत होतं. ना पोचा, ना डाग. ओटा हसायला लागला. राजचे खांदे ताठ झाले. आणि मग छायानं आवाज आणखी चढवला.

"तुझी आजी मला रोज उचलून आपटती! माझी पाठ लागली का कधी मातीला? मग तुझी कशी लागती रे?"

वस्तादांनी तोंडावर हात ठेवला. गोटीराम टेम्पोमागं गेला. आणि मातीतून राज असा उसळला, की भिकन आधी वर गेला आणि मग पाठीवर खाली आला. चितपट!

वस्ताद नारळ आणि फेटा घेऊन थेट ओट्याशी आले. "मावशी, हा मान तुमचा. पोराचं मन तुम्ही घडवलं."

नवसाबाईनं फेटा घेतला. आखाड्याला, वस्तादांना, देवळाला एकेक नमस्कार केला. मग वळून तो फेटा तिनं सुनेच्या पदरावरच ठेवला. छायाचा चेहरा आता पांढराफटक पडला होता. सगळ्या बायका कान टवकारून बसल्या. नवसाबाईनं घसा खाकरला, दिवसभरात साठलेला आवाज गोळा केला, आणि सगळ्यांसमोर घोगऱ्या स्वरात सुनावलं,

"छाये, तू लय उद्धट हायेस. माझ्या नातवाच्या नशिबानं, अन् माझ्या. उद्या सकाळपासून घरीच सुरू कर, मी एकटी बोलून बोलून म्हातारी झाले."

"बरं, आत्याबाई," छाया म्हणाली.

"हे बघा! परत तेच!"