कोंबडा छाप गुप्तदान

सोलापूरच्या भीमातीर कापड गिरणीच्या कचेरीत एकोणीसशे सदतीस साली विजेचा पंखा एकच होता आणि त्याच्याखाली खुर्चीही एकच होती. त्या खुर्चीवर बसणारे हेडक्लार्क पौषात निवृत्त होऊन गावी गेले. खुर्ची रिकामी झाली. पंखा मात्र फिरतच राहिला, कारण तो बंद करण्याचा अधिकार हेडक्लार्कखेरीज कोणालाही नव्हता.

ईश्वरप्पांचा जीव त्या खुर्चीत अडकला होता. बावीस वर्षं त्यांनी घडी खात्यात काढली होती. तयार कापडाच्या घड्या घालून त्यावर गिरणीचा शिक्का मारायचा नि माल फाटकाबाहेर सोडायचा, हे त्यांचं काम. खात्याच्या भिंतीपलीकडे बॉयलर असल्यामुळे ईश्वरप्पांना ऐन थंडीतही घामोळं येत असे.

"अवो, पंख्याचं काय घेऊन बसलाय?" त्यांची बायको मल्लव्वा म्हणायची. "मी घालते की वारा."

"तुझ्या वाऱ्याला बढती नसते," ईश्वरप्पा म्हणायचे. मल्लव्वा मग पदर कमरेला खोचून चुलीकडं वळायची आणि वाराही बंद व्हायचा.

माघ उजाडला तशी मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक तोंडावर आली. नव्या मंडळापुढं गिरण्यांच्या घड्याळांची सरकारी तपासणी करण्याचा ठराव येणार, अशी कुणकुण होती. भीमातीर गिरणीचं घड्याळ सकाळी पाव तास पुढं असे आणि संध्याकाळी अर्धा तास मागं. गिरणीच्या मते घड्याळ बरोबर होतं. सूर्य जरा बेशिस्त होता.

तेव्हा संचालक मंडळाची बैठक बसली. निवडणुकीला उभे होते दोघं. लोकहितवर्धक पक्षाचे रावसाहेब शिवप्पा, ज्यांनी आजवर एकाही कलेक्टरला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. आणि श्रमिकोद्धार संघाचे बाळासो वकील, जे गिरण्यांच्या नावानं रोज शंख करत. एक संचालक म्हणाले, रावसाहेबांना मदत करावी. दुसऱ्यांनी विचारलं, ते पडले तर? मग वकिलांना करावी. आणि तेही पडले तर? यावर बराच वेळ विचार होऊन ठराव झाला तो असा: 'निवडणुकीच्या बाबतीत गिरणी पूर्णपणे तटस्थ असल्यामुळे दोन्ही उमेदवारांस सारखीच मदत करण्यात यावी, व या तटस्थतेचा गवगवा होऊ नये म्हणून एकाची गोष्ट दुसऱ्यास कळू देऊ नये.'

मॅनेजरसाहेबांनी ईश्वरप्पांना बोलावून दार लावून घेतलं.

"पैसा द्यायचा नाही. पैसा बोलतो. कापड द्यायचं. झेंडे, पटके, सगळं गिरणीतच कापून तयार करायचं. बाहेरचे शिंपी बडबडे असतात. वकीलसाहेबांची अट एवढीच आहे की कापड हातमागाचं दिसलं पाहिजे. असण्याबद्दल त्यांचा आग्रह नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे गुप्तदान आहे, ईश्वरप्पा. काम बिनबोभाट पार पडलं, तर ती पंख्याखालची खुर्ची तुमची. बोभाटा झाला, तर आहे ती जागाही नाही."

ईश्वरप्पांच्या पाठीवरचं घामोळं आनंदानं शहारलं. त्याच दिवसापासून ते कामाला लागले. माल तयार झाला, गठ्ठे बांधले, आणि पहिली अडचण फाटकावर आली. दरवान म्हणाला, "बिनशिक्क्याचा माल सोडता येत न्हाय, अप्पा. तुमीच लिवलेला नियम हाय की."

नियम खरोखरच ईश्वरप्पांनी लिहिलेला होता. बावीस वर्षांत बिनशिक्क्याचा एक तुकडा त्यांनी बाहेर जाऊ दिला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना खुर्चीच्या ओढीइतकाच जबर अभिमान होता. गुप्त असला म्हणून काय झालं, माल तो मालच. शिवाय झेंडे कापून झाल्यामुळे नियमाप्रमाणे प्रत्येक झेंडा हा स्वतंत्र नग ठरत होता. खात्यातल्या माणसांना कळू नये म्हणून ईश्वरप्पांनी दार आतून लावलं आणि एकेका झेंड्यावर, एकेका पटक्यावर स्वतःच्या हातानं गिरणीचा शिक्का मारला: मान ताठ करून आरवणारा निळा कोंबडा, खाली नाव 'भीमातीर', त्याखाली यार्डांचा आकडा. निळी शाई त्यांनी स्वतः घोटलेली. कापड विरलं तरी कोंबडा जाणार नाही, अशी तिची ख्याती होती. चार दिवसांत त्यांचं मनगट सुजलं, पण गुप्तदान नियमानं बाहेर पडलं.

पुढच्या रविवारी नवी पेठेत दोन सभा भरल्या. वरच्या अंगाला रावसाहेबांची, खालच्या अंगाला वकिलांची. मधोमध बिरप्पा धनगर आपली मेंढरं घेऊन अडकला होता. मोहोळच्या वाटेवर त्याची थोडी जमीन होती, म्हणून त्याचं नाव मतदारांच्या यादीत होतं. वाट मिळेपर्यंत करायचं काय, म्हणून तो झेंडे बघत उभा राहिला. इकडचे बघितले, तिकडचे बघितले, आणि मोठ्यानं म्हणाला:

"दोन्हीकडं कोंबडा त्योच हाय की! मग भांडताय कशापायी?"

हजारभर माना वर गेल्या. भगव्या झेंड्याच्या कोपऱ्यात कोंबडा, पांढऱ्या झेंड्याच्या कोपऱ्यात कोंबडा, रावसाहेबांच्या पटक्यावर डाव्या कानाशी आणि वकिलांच्या उपरण्यावर नेमका काळजापाशी. गर्दीत उभ्या असलेल्या ईश्वरप्पांना पंखा दूर दूर जाताना दिसला.

पण पुढारी हा प्राणी तुमच्याआमच्यासारखा लाजून मरत नाही. रावसाहेब गरजले, "कोंबडा आमचा! आमच्या पक्षानं प्रजेला जागं केलं!" खालच्या अंगानं वकील ओरडले, "कोंबडा गरिबाच्या दारात आरवतो, रावसाहेबांच्या फक्त ताटात येतो!" टाळ्यांनी पेठ दणाणली. दुसऱ्या दिवशी दोघांचेही निरोप गिरणीत येऊन थडकले: आणखी झेंडे पाठवा, कोंबडा जरा मोठा काढा.

मॅनेजरसाहेब मात्र संतापानं लाल झाले होते. "गुप्तदान असं करतात? गावभर आपला कोंबडा नाचतोय!"

"साहेब, बिनशिक्क्याचा माल सोडला असता तर नियमानं मला काढून टाकावं लागलं असतं," ईश्वरप्पा काकुळतीला येऊन म्हणाले. "आणि बोभाट्यावर तोड आहे. दोघांच्याच अंगावर कोंबडा दिसला तर लोक बोट दाखवणारच. सगळ्यांच्याच अंगावर दिसला, तर दाखवायचं कुणी आणि कुणाला?"

मॅनेजरसाहेबांनी ईश्वरप्पांकडं प्रथमच नीट पाहिलं. मग त्यांनी घंटा वाजवली.

तीन दिवस गावात कापड वाटलं गेलं. अर्ध्या गावाला रावसाहेबांच्या माणसांनी वाटलं, अर्ध्या गावाला वकिलांच्या. ज्यांना दोघांनीही दिलं त्यांनी दोघांनाही शब्द दिला. नाही कोणी म्हटलं नाही. एका संपादकांनी या लाचखोरीवर जळजळीत अग्रलेख लिहिला आणि छापखान्याच्या खिडकीला पडदा कमी पडला म्हणून आणखी दोन यार्ड मागून घेतले. शिक्षकांनी घेतलं, भटजींनी घेतलं, जंगमांनी घेतलं. मल्लव्वानं नवऱ्यासाठी डोक्याचा नवाकोरा रुमाल, सदरा आणि धोतर करून घेतलं, का तर उद्या पंख्याखाली बसायचं म्हणजे माणूस शोभायला नको?

मतदानाचा दिवस आला. मतदान अधिकारी कायद्याचं पुस्तक तोंडपाठ असलेले गृहस्थ होते. केंद्रापासून शंभर यार्डांच्या आत कोणत्याही उमेदवाराचं चिन्ह दिसता कामा नये, असा नियम. त्यांनी प्रथम झेंडे काढायला लावले. मग पटके उतरवायला लावले. मग त्यांना सदरे दिसले, धोतरं दिसली. मत देण्याच्या खोलीच्या पडद्यावर कोंबडा होता. शिपायाच्या पट्ट्याखाली कोंबडा होता. अधिकारीसाहेबांनी घाम पुसायला खिशातून हातरुमाल काढला, त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि तो पुरावा म्हणून मोहोरबंद केला.

"ज्यांच्या अंगावर चिन्ह आहे त्यांनी शंभर यार्ड मागं हटावं!"

रांग मागं हटली. सगळीच हटली.

"म्या काय लुगडं सोडून मत देऊ व्हय?" केराबाई भाजीवाली कडाडली. अधिकाऱ्यांनी पुस्तक चाळलं. तशी सक्ती नव्हती, पण तशी सूटही नव्हती. शहरातल्या सगळ्या केंद्रांवर हाच निर्णय कळवण्यात आला.

ईश्वरप्पांचंही आयुष्यातलं ते पहिलंच मत. त्यांनी रुमाल काढला, सदरा काढला, आणि धोतराला हात घालून थांबले. त्यावरचा कोंबडा फार ठळक उठला होता. स्वतःचं काम म्हणून त्यांना थोडं कौतुकही वाटलं, पण डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

दुपार कलली तेव्हा बिरप्पा आला. अंगावर स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं काळं घोंगडं.

"घोंगड्याखाली काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"लंगोटी हाय. आज्ज्याच्या धोतराची."

तीही तपासण्यात आली. शिक्का निघाला नाही. शंभर यार्डांपलीकडून हजारो मतदारांच्या साक्षीनं बिरप्पा आत गेला आणि दोन उमेदवारांच्या दोन पेट्यांपैकी सावलीला होती त्या पेटीत चिठ्ठी टाकून बाहेर आला. ती पेटी वकिलांची होती. वकील एक विरुद्ध शून्य मतांनी निवडून आले. 'एकमुखी कौल,' असं म्हणून त्यांनी मिरवणूक काढली, आणि मिरवणुकीत रावसाहेबही सामील झाले, कारण झेंड्यांवरचा कोंबडा तोच होता.

कायदेमंडळात घड्याळांचा ठराव आला तेव्हा वकील त्याच्या बाजूनं उभे राहिले. गिरण्यांच्या लबाड घड्याळांवर त्यांनी असं घणाघाती भाषण केलं की ऐकणाऱ्यांची मान डोलत राहिली. भाषण संपलं तेव्हा सभेची वेळही संपलेली होती. ठराव बारगळला.

ईश्वरप्पांना खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी ते पंख्याखाली बसले, घामोळं सुकलं, आणि नेमकं त्याच दिवशी गावाचा अर्ज टेबलावर आला. गिरणीचं घड्याळ आता संध्याकाळी दोन-दोन तास मागं पडत होतं. अर्जाखाली अर्ध्या सोलापूरच्या सह्या होत्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तक्रारी ऐकल्याच पाहिजेत. फक्त नियमानं."

ईश्वरप्पांनी नियम लिहिला आणि कचेरीच्या फाटकाशेजारच्या खिडकीवर पाटी लागली: 'घड्याळाबाबत तक्रार निःपक्षपाती इसमाचीच ऐकली जाईल. सबब, ज्यांच्या अंगावर गिरणीचा शिक्का आहे त्यांनी येऊ नये.'

लोक तावातावानं आले, पाटी वाचली, आपापल्या कपड्यांच्या काठाकडं बघितलं आणि परत गेले. एकटा बिरप्पा मेंढरं हाकत खिडकीपाशी थांबला. ईश्वरप्पा आशेनं पुढं झुकले. "तुझी हाय का रे तक्रार?"

"न्हाय बा. माज्याकडं घड्याळच न्हाय. उजाडल्यालं दिसतंय की मला, अन् मावळल्यालं बी."

तो गेला. बाहेर सूर्य मावळून बराच वेळ झाला होता; कचेरीतल्या घड्याळात अजून साडेपाच वाजायचे होते, आणि हेडक्लार्कला सहाशिवाय उठता येत नव्हतं. मल्लव्वाची भाकरी थंड होत असणार. ईश्वरप्पांनी कागद ओढला, तक्रार लिहायला घेतली, आणि बाही मागं सारताना थांबले. बाहीवर निळा कोंबडा होता. त्यांनी कागदाची घडी घातली. घडी त्यांना फार सुबक घालता येत असे.

खिडकी अजून उघडी आहे. तुम्ही इतका वेळ सोलापूरच्या लोकांना हसलात, त्याअर्थी तुम्ही निःपक्षपातीच असणार. तेव्हा अवश्य या, तुमचं ऐकलं जाईल. निघण्यापूर्वी फक्त अंगातल्या सदऱ्याची शिवण एकदा उलटून बघा.