चौदा मिनिटांचा वाडगा

त्या सोमवारी माझ्या ओट्यावर होतं ते असं: बीफचा खिमा दोनशे ग्रॅम, लसणाच्या पाकळ्या सहा, आल्याचा तुकडा एक, पातीचे कांदे दोन, सोया सॉस, साखर, तिळाचं तेल, गोचुजांग या तिखट मिरचीच्या लगद्याचा लाल डबा, आणि आत्मविश्वास. शेवटच्या वस्तूचं वजन करायला काटा अपुरा पडला असता!

मी प्यो राओन. रसायनशास्त्राची पदवीधर. कोरियातल्या गुन्सान बंदरात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नवी नोकरी, आणि एका जुनाट इमारतीत सहाव्या मजल्यावर एका खोलीचं घर. राहायला येऊन तीन आठवडे झाले होते. आई गावी, नामवनला. तिने मला एकटं राहू दिलं, पण एका अटीवर.

"सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी साडेसातच्या आत जेवणाचा फोटो पाठवायचा," ती म्हणाली. "घरी केलेलं, गरम, आणि मांस असलेलं. एक दिवस चुकलीस तर ओक-बुन मावशी तुझ्याकडे राहायला येईल."

ओक-बुन मावशी! जी बंदरातल्या बोटीच्या भोंग्यासारखी घोरते, पहाटे उठून टाळ्या वाजवत व्यायाम करते आणि दुसऱ्यांचे खण उघडून "हे कशाला ठेवलंयस?" असं विचारते, ती! माझ्या एवढ्याशा खोलीत!

"आई," मी म्हणाले, "मला चौदा मिनिटं पुरतात."

आणि खरंच पुरतात, मंडळी. तवा कडक तापवायचा. खिमा मोकळा करून परतायचा. पाणी आटून कडा कुरकुरीत व्हायला लागल्या की लसूण-आलं. मग सोया, साखर, चमचाभर गोचुजांग. रस चकचकीत झाला की गरम भातावर ओतायचा, वर कांद्याची पात आणि तीळ. झालं! ऑफिसातून दमून आलेल्या माणसासाठी याहून चांगला शोध लागलेला नाही.

फक्त काही तांत्रिक अडचणी होत्या, आणि त्या मी शास्त्रशुद्ध रीतीने सोडवल्या.

पहिली, धूर. ओट्यावरचा पंखा बंद पडलेला. म्हणून दारात बूट अडकवून दार अर्धवट उघडं ठेवलं. दुसरी, वास. त्याला उपाय मेणबत्ती. मांस भाजलं की सगळेच लावतात. तिसरी, तापमान. वाडगा बरोबर साठ अंशांवर आला की खावा, तेव्हा चव सगळ्यात चांगली लागते, असा माझा सिद्धांत होता. म्हणून भातात लांब दांड्याचा थर्मामीटर उभा खुपसला. चौथी, खिडकीतून येणारा वारा. त्याने आकडे बिघडतात. म्हणून वाडग्यामागे आडोशाला माझा पदवीदान समारंभातला फ्रेम केलेला फोटो उभा केला. त्याच्या कोपऱ्यावर टोपीचा काळा गोंडा लटकत होता, तो असू दिला. आणि सगळ्याच्या मागे, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर, धुतलेली पांढरी चादर.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे कुणी ऐकून घेतलं नाही.

वाडगा निवेपर्यंत मी ओला कचरा टाकायला खाली गेले. नोव्हेंबरचं समुद्री धुकं इमारतीत शिरलं होतं. बाहेरचा उघडा कॉरिडॉर ताकात बुडवल्यासारखा दिसत होता. लिफ्ट म्हातारी. येते, थांबते, विचार करते, मग दार उघडते.

परत आले तर वाडग्याच्या शेजारी सोजू दारूचा छोटा पेला होता. काठोकाठ भरलेला.

माझ्याकडे सोजू नव्हती. तसला पेलाही नव्हता!

मी पलंगाखाली पाहिलं. पलंग नाहीच, गादी आहे, तरी पाहिलं. न्हाणीघरात पाहिलं. कुणी नाही. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती, जणू कुणीतरी श्वास रोखून धरला होता. मी फोटो पाठवला, पेला मोरीत ओतला आणि स्वतःला समजावलं की एकदा घडलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग पुन्हा करायला हवा, आणि तोही त्याच परिस्थितीत!

मंगळवारी कामावरून येताना लिफ्टपाशी शेजारच्या माल-सुन आजी भेटल्या. ऐंशीच्या घरातल्या. एरवी मला बघताच "जेवलीस का गं?" विचारणाऱ्या.

"आजी, काय म्हणताय?" मी म्हणाले.

आजींनी मान भिंतीकडे वळवली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. लिफ्ट आली. मी आत गेले. आजी आल्या नाहीत.

"आजी, येताय ना?"

"तू हो पुढे," त्या भिंतीला म्हणाल्या. "तुलाच पुढे जायचंय, पोरी."

दार बंद होताना दिसलं की पहारेकरी गु काका माझ्या ओल्या पावलांवर मूठभर जाडं मीठ टाकतायत. मला वाटलं, फरशी निसरडी झाली असेल. काय कर्तव्यदक्ष माणूस!

त्या संध्याकाळी पुन्हा तेच. खिमा, लसूण, मेणबत्ती, थर्मामीटर, दारात बूट. खाली जाऊन वर आले तर एका मेणबत्तीच्या दोन झाल्या होत्या. आणि माझ्या फोटोसमोर एक पर्सिमन. पिकलेलं, नारिंगी, वरची चकती नीट कापून काढलेली.

माझ्या पाठीवरून पालीने धावत जावं तसं काहीतरी गेलं. ते फळ मी खाल्लं नाही. फ्रिजमध्ये ठेवलं. नमुना म्हणून!

बुधवारी सकाळी मी गु काकांना गाठलं. या घरात आधी काहीतरी घडलेलं असणार, असा माझा तर्क होता.

"काका, खरं सांगा. सहाव्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत कुणी वारलंय का?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. ते माझ्याकडे इतक्या करुणेने बघू लागले की मलाच वाईट वाटलं.

"म्हणजे..." ते हळूच म्हणाले, "तुम्हाला अजून कळलं नाही?"

"काय कळलं नाही?"

"होतं असं. काही जणांना लवकर कळत नाही." त्यांनी डोळे पुसले. "त्रास करून घेऊ नका. कुणालाही त्रास देऊ नका. बस्स."

दिवसभर प्रयोगशाळेत मी एकच नमुना पाच वेळा तपासला. माझ्या घरात कुणीतरी मेलं होतं, सगळ्या इमारतीला ते माहीत होतं, आणि ते रोज संध्याकाळी माझ्या जेवणापाशी येऊन बसत होतं!

बुधवारच्या वाडग्यात मी मुद्दाम लसूण वाढवला. आठ पाकळ्या. माणसाला धीर हवा असतो.

वर आले आणि दारातच थिजले. वाडगा जागेवर होता. थर्मामीटर उभा होता. भात होता. पण मांस नव्हतं! एक कणही नाही. त्याच्या जागी पांढरेफटक उकडलेले मोड आणि कसलीशी भाजी. तिखट नाही, लसूण नाही, रंग नाही. दवाखान्यातल्या भिंतीसारखं जेवण!

घड्याळात सात अठ्ठावीस. दुसरं काही शिजवायला वेळ नव्हता. तोच फोटो पाठवला. आईचं उत्तर दोन मिनिटांत आलं.

"मांस कुठाय?"

मी लिहिलं, "भुताने खाल्लं." मग खोडलं. मग लिहिलं, "भाताखाली आहे."

"उद्या वर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर शुक्रवारच्या पहिल्या बसने मावशी निघेल. तिने बॅग भरून ठेवलीय."

इथे माझी भीती संपली आणि राग सुरू झाला. मेलेल्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण माझं स्वातंत्र्य वाडग्यातून चमच्याने खाणाऱ्या मेलेल्या माणसाबद्दल नाही!

गुरुवारी मी सगळं मांडलं, आणि खाली गेलेच नाही. दिवा मालवला, चादरीच्या मागे उकिडवी बसले. कॉरिडॉरमध्ये धुकं इतकं दाट होतं की ते दाराच्या फटीतून जिभेसारखं आत येत होतं. दोन पावलं वाजली. थांबली. मग आणखी दोन.

बूट सरकला. दार उघडलं. तीन आकृत्या आत आल्या, एकामागून एक, पाय न वाजवता. पहिली वाकलेली. दुसरी उंच. तिसरीच्या हातात पांढरं शेवंतीचं फूल.

त्या माझ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. गुडघे टेकले. कपाळ जमिनीला लावलं. उठल्या. पुन्हा वाकल्या.

दोन वेळा! मंडळी, जिवंत माणसाला एकदाच वाकतात. दोनदा कुणापुढे वाकतात, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी चादरीमागे बसून स्वतःची नाडी चाचपली. सापडेना! मग लक्षात आलं की मी थर्मामीटरची डबी दाबतेय.

"पोरी," पहिली आकृती म्हणाली. माल-सुन आजींचा आवाज! "तुझ्या माणसांना काही कळत नाही बघ. मेलेल्यांना लसूण चालत नाही. तिखट चालत नाही. आणि हे बघ, सगळं पान लालभडक! म्हणून तर तू अडकलीस. मंगळवारी लिफ्टपाशी उभी होतीस ना, माझं काळीजच फाटलं."

"मला विचारलं, कोण वारलंय म्हणून," उंच आकृती हुंदका देत म्हणाली. हे गु काका. "काय उत्तर देणार?"

"मी शेवंती आणलीय," तिसरी आकृती म्हणाली. पाचव्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. "किती वर्षांची होती हो?"

"चोवीस. एकटीच असायची. काय खायची कोण जाणे!" आजींनी पिशवीतून डबा काढला. "गु, ते मांस काढ. मी मोड घालते."

गु काकांनी चमचा उचलला. चमचा माझ्या मांसात बुडाला. त्यांनी तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला!

"काय करतोस?" आजी कुजबुजल्या.

"टाकून कसं देणार? फार चविष्ट असतं. काल तर बोटं चाटली."

त्याच क्षणी अंधारातून एका बाईचा गोड, शांत आवाज आला. "भात तयार आहे. नीट हलवून घ्या."

तो माझा भाताचा कुकर होता, उद्याच्या डब्याचा भात लावलेला. तसाच बोलणारा कुकर आजींकडेही आहे. पण भुताच्या घरात कुकरचा आवाज कोण ओळखणार! शिवणाऱ्या बाई शेवंतीसह भिंतीला चिकटल्या. गु काकांनी दुसरा चमचा भरलाच होता, आणि आईला फोटो अजून पाठवायचा होता.

"ते माझं आहे!" मी चादरीमागून ओरडले. "मांस खाली ठेवा!"

नंतर काय झालं ते मला नीट क्रमाने सांगता येत नाही. मी उठले, चादर माझ्या डोक्यावरून आली. आजी जमिनीवर आडव्या पडून म्हणत होत्या, "बोलली! बोलली!" गु काकांनी खिशातलं सगळं मीठ माझ्यावर फेकलं, निम्मं डोळ्यांत, निम्मं वाडग्यात. आणि माझा फोन वाजायला लागला. साडेसात उलटून गेले होते.

डोळे चोळत मी फोन शोधत होते, तेवढ्यात तो गु काकांनी उचलला.

"आईसाहेब का? तुमचं दुःख मोठं आहे," ते रडत म्हणाले. "तुमच्या लेकीचं पान आम्ही सांभाळतोय."

"कोण बोलतंय?" आईचा आवाज आख्ख्या खोलीत ऐकू आला. "माझ्या लेकीने कालच मला फोटो पाठवलाय!"

"हो हो. त्याही पाठवतात हल्ली."

मी फोन हिसकावला. "आई, मी जिवंत आहे!"



"असं सांगावं लागतंय?" आई म्हणाली.

दिवा लावला. आजींनी आधी माझा गाल ओढून पाहिला, मग माझे पाय पाहिले. मला हाताला धरून कॉरिडॉरमध्ये नेलं आणि दिवा पुन्हा मालवून म्हणाल्या, "आता बघ इथून."

मी पाहिलं. दार उघडं, येणाऱ्यासाठी ठेवतात तसं. मागे पांढरा पडदा. मेणबत्ती. भातात उभं खुपसलेलं चमच्यासारखं काहीतरी. आणि त्यामागे, काळा गोंडा लटकलेल्या फ्रेममध्ये, गंभीर चेहऱ्याची मी. एवढं व्यवस्थित पितरांचं पान आमच्या घरी कधी कुणी मांडलं नसेल!

"प्रत्येक गोष्टीला कारण आहे," मी म्हणाले.

"असेल," आजी म्हणाल्या. "पण मेलेली दिसत होतीस."

मी आईला सगळं समजावलं. धूर, वास, वारा, साठ अंश. खारट वाडग्याचा फोटोही पाठवला. मांस दिसत होतं, थोडं का असेना! आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"राओन, तू शिकलेली आहेस. तूच सांग. जी मुलगी मेलीय याबद्दल तीन शेजाऱ्यांना जरासुद्धा शंका येत नाही, ती मुलगी नीट जेवते असं म्हणता येईल?"



शुक्रवारी मावशी आली. आल्या आल्या खण उघडले, मेणबत्ती फेकली, आणि शेजारी जाऊन आजींशी मैत्री करून आली. संध्याकाळी वाडगे आम्ही चौघांनी खाल्ले. गु काकांनी दोन. जेवताना मी आजींना म्हणाले, "मंगळवारची मेणबत्ती, पर्सिमन, सगळं ठीक. पण सोमवारी तो सोजूचा पेला बघून मी फार घाबरले होते हं."

आजींचा चमचा थांबला.

"सोमवारी? सोमवारी मी लेकीकडे इक्सानला होते. मंगळवारी दुपारी आले, तर गुने सांगितलं की तुझ्या दारात पान मांडलंय."

आम्ही गु काकांकडे पाहिलं.

"मी फक्त दारातून बघितलं," ते म्हणाले. "पेला आधीच होता. मला वाटलं, पोरीच्या माणसांनीच ठेवला."

 तेवढ्यात कुकरने भात तयार असल्याचं सांगितलं.

झोपायच्या वेळी मी मावशीला ठणकावलं की पाहुणी असलीस तरी माझी जागा माझी, तुझी तुझी. तिची गादी खिडकीला लावली, माझी दाराकडे, आणि मोजपट्टीने अंतर मोजून फरशीवर खडूने दोन रेघा मारल्या: एकशे वीस सेंटीमीटर. मावशी हसली, कूस बदलली आणि घोरायला लागली.

सकाळी उठून मी पुन्हा मोजपट्टी लावली. मावशीची गादी तिच्या रेघेवर होती; माझीच दारापासून सरकून तिला चिकटली होती. दोन गाद्यांमधलं अंतर: शून्य.